एका वेळी एकच गोळी! बापाच्या दुकानात जन्मलेली ‘ती’ रायफल जवळपास दीडशे वर्षांनी आजही का बनते?

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत मंद्रूप येतं. ऊस आणि ज्वारीचा हा भाग. अशा कुठल्याही मोठ्या गावात रस्त्याच्या कडेला एक तरी वर्कशॉप असतंच. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हुक, मोटारीचा तुटलेला शाफ्ट, जे मोडलं ते तिथे येतं. वडील वेल्डिंग करत असतात आणि शाळेतून आलेलं पोरगं शेजारी उभं राहून पाना-पक्कड हातात देत असतं. त्या पोराला पुस्तकातलं गणित जमो न जमो, कुठला नट किती आवळायचा हे त्याच्या बोटांना माहीत असतं.

असंच एक दुकान १७० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका लहानशा गावात होतं. तिथेही शेतीची अवजारं यायची, तुटकी भांडी यायची आणि सोबत बंदुकाही यायच्या. त्या दुकानात वडिलांच्या हाताखाली वाढलेल्या एका मुलाने पुढे जगाच्या युद्धांचं रूप बदललं. त्याच्या नावाच्या पिस्तुलाने नाशिकमध्ये इंग्रज कलेक्टरचा बळी घेतला, आणि त्यानेच रचलेल्या एका पिस्तुलाच्या गोळीनंतर पहिलं महायुद्ध पेटलं.

त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

मिनिटाला शेकडो गोळ्या झाडणाऱ्या मशीनगनसाठी तो ओळखला जातो. पण त्याच्या आयुष्याची सुरुवात झाली ती एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या साध्या रायफलने. गंमत म्हणजे ती साधी रायफल आजही जपानमध्ये, इटलीत आणि अमेरिकेत नव्याने बनते, आणि लोक हौसेने विकत घेतात. हे कसं घडलं?

बावीस भावंडांतला एक

जॉनचे वडील जोनाथन ब्राउनिंग हे स्वतः पक्के बंदूक कारागीर. लोकांनी लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या बंदुका फारशा पाहिल्याही नव्हत्या, त्या काळात त्यांनी अशी एक रायफल स्वतः बनवली होती. ते मॉर्मन पंथात गेले. या पंथाच्या लोकांना अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागातून हाकलून लावलं जात होतं. हजारो कुटुंबं बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघाली. जोनाथनही त्यांच्यासोबत निघाले आणि १८५२ साली युटा प्रांतातल्या ओग्डेन या गावी येऊन स्थिरावले.

तेव्हाच्या मॉर्मन रीतीप्रमाणे जोनाथन यांची तीन लग्नं झाली होती आणि त्यांना एकूण २२ मुलं होती. त्यांपैकी जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा. आजूबाजूला वाळवंट, डोंगर आणि नव्याने फोडलेल्या जमिनी. बाहेरून नवीन वस्तू मागवायची तर महिनोनमहिने वाट बघावी लागे. त्यामुळे जे मोडेल ते दुरुस्त करायचं, जे नसेल ते घडवायचं, हाच तिथला नियम होता. भंगार हा शब्द त्या दुकानात नव्हताच. लोखंडाचा प्रत्येक तुकडा कधी ना कधी कामाला येणार म्हणून कोपऱ्यात जपून ठेवलेला असे.

सांगतात की जॉनने आपली पहिली बंदूक दहाव्या वर्षी बनवली. वडील बाहेर गेलेले असताना त्याने त्या भंगाराच्या ढिगातली एक जुनी नळी उचलली, लाकडाच्या फळीला तारेने बांधली आणि धाकट्या मॅटला सोबत घेऊन रानकोंबड्यांच्या मागे गेला. बंदूक ओबडधोबड होती, पण चालली. घरी कोंबड्या आल्या तेव्हा वडिलांनी रागावण्याऐवजी ती बंदूक हातात घेऊन नीट पाहिली. कामात सफाई नाही हे त्यांनी दाखवून दिलं. पोराला शाबासकीपेक्षा ती चूक जास्त लक्षात राहिली.

पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याची शाळा सुटली. त्यापुढचं सगळं शिक्षण ऐरण, कानस आणि पायाने चालवायच्या लेथवर झालं.

बापाची शेवटची इच्छा

१८७८ साल. जॉन २३ वर्षांचा झाला होता. वडील म्हातारे झाले होते आणि दुकानाचा बहुतेक भार त्याच्यावर आला होता. एक दिवस दुरुस्तीला एक रायफल आली. ती उघडून बघताना जॉन वैतागला. नको तितके भाग, उगाच गुंतागुंत! यापेक्षा चांगली आपण स्वतः बनवू शकतो, असं तो सहज बोलून गेला.

वडिलांनी ते ऐकलं. तू बनवू शकशील हे आपल्याला ठाऊक आहे, आणि डोळे मिटायच्या आत ती बघायची इच्छा आहे, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. जॉनने हे मनावर घेतलं.

त्याच्याकडे नकाशे काढायचं शिक्षण नव्हतं. आधी डोक्यात पूर्ण बंदूक तयार करायची, मग पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे आकार कापायचे आणि मग पोलाद हातात घ्यायचं, ही त्याची पद्धत. आयुष्यभर त्याने जवळपास असंच काम केलं. काही महिन्यांत रायफल तयार झाली. वडिलांनी ती पाहिली. १२ मे १८७९ ला जॉनने पेटंटसाठी अर्ज केला. जून महिन्यात वडील गेले आणि ७ ऑक्टोबर १८७९ ला पेटंट हातात पडलं. पुढे त्याच्या नावावर एकूण १२८ पेटंट जमा झाली, त्यातलं हे पहिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचं लग्नही झालं होतं. एकाच वर्षात लग्न, बापाचा मृत्यू आणि पहिलं पेटंट!

ठोकळा खाली, गोळी आत, ठोकळा वर

या रायफलमध्ये असं काय होतं?

बंदुकीत काडतूस पेटतं तेव्हा प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. तो गोळीला पुढे ढकलतो, पण तेवढ्याच जोराने मागेही रेटतो. त्यामुळे नळीचं मागचं तोंड घट्ट बंद असायला हवं. नाहीतर चाप ओढणाऱ्याच्या तोंडावरच स्फोट व्हायचा. आणि पुढची गोळी भरण्यासाठी तेच तोंड पटकन उघडताही यायला हवं. घट्ट बंद आणि चटकन उघड, या दोन विरुद्ध गरजा एकत्र बसवणं हेच बंदूक बनवणाऱ्यांचं खरं कोडं.

त्यावरचं एक जुनं उत्तर म्हणजे ‘फॉलिंग ब्लॉक’. नळीच्या मागे पोलादाचा एक जाड ठोकळा खाचेत बसवलेला असतो. चापाखालची मूठ खाली ओढली की तो ठोकळा खाचेतून सरळ खाली उतरतो. गिरणीतल्या खटक्यासारखाच हा प्रकार, झडप उघडते आणि बंद होते. नळी उघडी पडते, तिच्यात हाताने एक काडतूस सारायचं. मूठ वर घेतली की ठोकळा पुन्हा वर चढतो आणि तोंड बंद होतं. मागे भक्कम पोलादी भिंती असल्यामुळे स्फोटाचा सगळा धक्का त्या पेलतात.

ही कल्पना जॉनची नव्हती. क्रिश्चन शार्प्स या अमेरिकन माणसाने १८४८ सालीच अशा रायफलचं पेटंट घेतलं होतं आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात त्या गाजल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये जॉन फार्कुहारसन याने १८७२ साली आपली रचना नोंदवली होती. जॉनने काय केलं, तर भाग कमी केले आणि एकाच हालचालीत कामं वाढवली. मूठ खाली ओढली की ठोकळाही उतरे, रिकामी टोपीही बाहेर येई आणि मूठ वर घेतली की घोडाही चढलेला असे. घोड्यावर, धुळीत, थंडीत वापरणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

सात भिंतींचा नाही, भावांचा कारखाना

वडिलांच्या मागे भावांनी एकत्र येऊन ओग्डेनमध्ये २५ फूट बाय ५० फुटांची एक इमारत उभी केली. आपल्याकडच्या एखाद्या शेतमालाच्या गोदामापेक्षाही ती लहानच म्हणायची. वाफेवर चालणारी यंत्रं आणली, पण ती जोडायची कशी हे कुणालाच धड माहीत नव्हतं. फ्रँक रश्टन नावाचा एक इंग्रज कारागीर फिरत फिरत तिथे आला आणि त्याने भावांना हात दिला. कुणी नळ्या करायचं, कुणी दस्ते घासायचं, मॅट दुकान आणि हिशेब बघायचा.

एक रायफल २५ डॉलरला विकली जाई. अशा सुमारे ६०० रायफली त्या दुकानातून बाहेर पडल्या. धंदा बरा चालला होता. पण जॉनचा जीव गुदमरत होता. त्याला एकच वस्तू शंभरदा बनवण्यात रस नव्हता. डोक्यात नवीन बंदुका फिरत होत्या आणि हात मात्र जुन्याच भागांवर कानस मारत होते. दुकान चालवावं की नवं काही शोधावं? हा प्रश्न कुठल्याही कारागिराला कधीतरी पडतोच.

त्याचं उत्तर १८८३ साली रेल्वेने चालत आलं.

आठ हजार डॉलरचा सौदा

विंचेस्टर ही तेव्हाची अमेरिकेतली बडी बंदूक कंपनी. तिच्या एका विक्रेत्याच्या हाती ब्राउनिंग भावांनी बनवलेली एक वापरलेली रायफल लागली. त्याने ती थेट कंपनीकडे पाठवून दिली. विंचेस्टरकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या रायफली होत्या, पण मोठी, जोरकस काडतुसं पेलणारी एक गोळीची रायफल नव्हती. कंपनीचे व्यवस्थापक टी. जी. बेनेट हे मालकाच्या घराण्यातले जावई. ते स्वतः हजारो मैलांचा प्रवास करून ओग्डेनला आले.

मोठा कारखाना बघायला मिळेल या अपेक्षेने आलेल्या बेनेट यांना एक लहानशी शेड आणि काही तरुण पोरं दिसली. सौदा झाला तो ८,००० डॉलरला. जॉनला २५ डॉलरच्या मानाने ही रक्कम डोळे दिपवणारी होती. पण या सौद्याचा एक अर्थ असाही होता की आता ती रायफल ब्राउनिंग भावांची उरली नाही. बापाने मरण्याआधी पाहिलेली, भावांनी घासून-पुसून उभी केलेली बंदूक यापुढे त्यांना स्वतःलाही बनवता येणार नव्हती. आणि पुढे कितीही विकल्या तरी एका पैशाचा हिस्सा मिळणार नव्हता.

विंचेस्टरने १८८५ साली ती बाजारात आणली आणि त्या वर्षावरूनच तिचं नाव पडलं. १९२० पर्यंत अशा जवळपास १ लाख ४० हजार रायफली विकल्या गेल्या. मोठ्या काडतुसांसाठी उंच भिंतींची आणि लहान काडतुसांसाठी बुटक्या भिंतींची, असे तिचे दोन प्रकार संग्राहक आजही ‘हाय वॉल’ आणि ‘लो वॉल’ या नावांनी ओळखतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात नवशिक्या सैनिकांना नेमबाजी शिकवायलाही हिचाच एक प्रकार वापरला गेला.

जॉनला मात्र या सौद्यातून पैशांपेक्षा मोठी गोष्ट मिळाली, ती म्हणजे मोकळा वेळ. आता त्याला कारखाना चालवायचा नव्हता. फक्त विचार करायचा, नमुना घडवायचा आणि विकायचा. मधली दोन वर्षं तो धर्मप्रसारासाठी जॉर्जिया राज्यात पायी फिरला. तरीही पुढच्या वीस वर्षांत त्याने विंचेस्टरला ४० हून अधिक रचना विकल्या. त्यातल्या कित्येक कंपनीने कधी बनवल्याच नाहीत. दुसऱ्या कुणाला मिळू नयेत, एवढ्यासाठीच त्या विकत घेऊन कपाटात ठेवल्या. जी बनवली ती १८९४ सालची रायफल मात्र पुढे ७० लाखांहून अधिक विकली गेली.

वाकलेल्या गवताने सुचलेली मशीनगन

१८८९ साली नेमबाजीच्या मैदानावर एक छोटी गोष्ट घडली. कुणीतरी बंदूक झाडली आणि नळीच्या तोंडाजवळचं गवत झपकन आडवं झालं. बाकीच्यांनी निशाण बघितलं. जॉनने गवत बघितलं.

गोळीच्या मागून बाहेर पडणारा हा वायू फुकट जातो. तोच पकडला आणि त्याच्याकडूनच पुढची गोळी भरून घेतली तर? एवढ्या साध्या विचारातून त्याने स्वतःहून चालणारी बंदूक बनवली. कोल्ट कंपनीने ती घेतली आणि अमेरिकन नौदलानेही स्वीकारली. मूठ खाली ओढून एक-एक काडतूस भरायच्या बंदुकीपासून सुरू झालेला प्रवास दहाच वर्षांत इथवर आला होता.

एक नकार आणि बेल्जियमची वाट

१९०२ साली विंचेस्टर आणि ब्राउनिंग यांचं बिनसलं. जॉनने स्वतःहून गोळी भरणारी शॉटगन बनवली होती. ही खूप चालणार याची त्याला खात्री होती. म्हणून त्याने यावेळी एकरकमी पैसे नाकारून प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. बेनेट यांनी ती द्यायला नकार दिला. त्यांच्या कंपनीची तशी रीतच नव्हती.

एकोणीस वर्षांचं नातं तुटलं. जॉन नमुना घेऊन रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीकडे गेला. तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती. जॉन बाहेर वाट बघत बसला असतानाच बातमी आली की हार्टली यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. हातात नमुना तसाच राहिला.

शेवटी त्याने समुद्र ओलांडला. बेल्जियममधल्या लीएज शहराजवळ एर्स्टाल इथे ‘एफएन’ नावाचा शस्त्रांचा कारखाना होता आणि जॉनचं पिस्तूल तिथे आधीपासूनच बनत होतं. त्यांनी शॉटगनही घेतली, रॉयल्टीसह. ती जगातली पहिली यशस्वी स्वयंचलित शॉटगन ठरली. एफएनच्या ब्राउनिंग पिस्तुलांचा आकडा १९१४ च्या सुरुवातीपर्यंत दहा लाखांवर गेला. युरोपात त्याचं नाव इतकं रुळलं की लोक पिस्तुलालाच ‘ब्राउनिंग’ म्हणू लागले.

नाशिकचं थिएटर आणि साराजेव्होचा रस्ता

खिशात मावणारं पिस्तूल ओग्डेनच्या रानात शिकारीला नेण्यासाठी नव्हतं. ते कुणाच्याही हाती पडू शकत होतं आणि तसं ते पडलंही.

१९०९ साली लंडनमधून वि. दा. सावरकर यांनी चतुर्भुज अमीन याच्यासोबत २० ब्राउनिंग पिस्तुलं भारतात पाठवली. ट्रंकेच्या चोरकप्प्यात लपवून ती मुंबईला आली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी तो ठेवला होता. तिथे अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. याच पिस्तुलांच्या धाग्याने सावरकरांपर्यंत खटला पोहोचला आणि त्यांना दोन जन्मठेपा झाल्या.

पुढे २८ जून १९१४ ला साराजेव्होमध्ये गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रांझ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूलही जॉननेच रचलेलं, एफएनचं १९१० चं मॉडेल होतं. महिनाभरात युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने लीएज घेतलं आणि जॉनची पिस्तुलं बनवणारा कारखानाच बंद पडला. आपल्या हातून घडलेली वस्तू कुठे जाऊन कुणाच्या आयुष्यावर आदळेल, हे घडवणाऱ्याच्या हातात कधीच नसतं. जॉनच्या आयुष्यात हे सगळ्यात ठळकपणे दिसतं.

नफा नको म्हणणारा माणूस

१९१७ साली अमेरिकाही महायुद्धात उतरली. सैन्याकडे पुरेशा मशीनगन नव्हत्या. जॉनने दोन शस्त्रं पुढे ठेवली, एक जड मशीनगन आणि एक खांद्यावरून चालवायची स्वयंचलित रायफल. चाचणीत मशीनगनने ४० हजार गोळ्या झाडल्या. शंका घेणाऱ्यांचं तोंड बंद करायला दुसरी बंदूक सलग ४८ मिनिटं चालवून दाखवली गेली. त्याआधी १९११ साली त्याच्या कोल्ट पिस्तुलाने ६,००० गोळ्यांची चाचणी एकदाही न अडकता पार केली होती. ते पिस्तूल पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ अमेरिकन सैन्यात राहिलं.

सरकारने या युद्धकाळातल्या हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. नेहमीच्या रॉयल्टीने त्याला यापेक्षा कितीतरी पट मिळाले असते. एका रॉयल्टीच्या मागणीपायी विंचेस्टर सोडणाऱ्या या माणसाने इथे घासाघीस न करता ती रक्कम मान्य केली. त्याचा मुलगा व्हॅल स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर होता आणि बापाने बनवलेली रायफल घेऊन लढत होता.

कामाच्या बाकापाशीच शेवट

दर काही महिन्यांनी ओग्डेन ते बेल्जियम असा प्रवास करणं जॉनच्या अंगवळणी पडलं होतं. २६ नोव्हेंबर १९२६ ला तो एर्स्टालच्या कारखान्यात काम करत होता. छातीत दुखू लागलं म्हणून मुलाच्या केबिनमध्ये जाऊन पडला आणि तिथेच त्याचा श्वास थांबला. वय ७१. त्याला ओग्डेनला आणून मातीत ठेवलं गेलं.

एक पिस्तूल अर्धवट राहिलं होतं. एफएनमधल्या द्यूदोने सैव या कारागिराने ते पूर्ण केलं आणि १९३५ साली ते ‘हाय पॉवर’ नावाने बाजारात आलं. आपल्याकडे कोलकात्याजवळच्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनलेलं लष्कराचं ९ एमएम पिस्तूल हे त्याच रचनेवरचं. परवानाधारकांकडे दिसणाऱ्या .३२ बोअर पिस्तुलाचं काडतूसही मूळचं जॉनचंच.

मग ती जुनी रायफल परत का आली?

खरं तर आता एक गोळीच्या रायफलचं काहीच काम उरलेलं नव्हतं. स्वतः जॉननेच तिला मागे टाकलं होतं. विंचेस्टरने १९२० मध्ये उत्पादन थांबवलं तेव्हा कुणाला वाईटही वाटलं नाही.

पण १९६७ साली अमेरिकेत बिल रुगर यांनी सगळ्यांना चकित केलं. त्यांच्या कंपनीने स्कॉटलंडच्या फार्कुहारसनच्या धर्तीवर ‘नंबर वन’ नावाची नवी फॉलिंग ब्लॉक रायफल आणली. सगळे वेगाच्या मागे धावत असताना एक गोळीची बंदूक कोण घेणार, असं वाटलं होतं. लोकांनी घेतली.

मग १९७३ साली ब्राउनिंग कंपनीने जॉनची तीच पहिली रचना पुन्हा बाजारात आणली. बनवायचं काम होतं जपानच्या कोची प्रांतातल्या मिरोकू या कंपनीकडे. इटलीत उबेर्ती ही कंपनीही ‘हाय वॉल’ बनवते, तर पेडरसोली जुन्या शार्प्स रायफली घडवते. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात बिग टिंबर नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे शायलो आणि सी. शार्प्स या दोन कंपन्या आजही जुन्या पद्धतीच्या रायफली बनवतात. गिऱ्हाइकाला ऑर्डर देऊन थांबावं लागतं. १९९० च्या ‘क्विग्ली डाउन अंडर’ या सिनेमात टॉम सेलेकच्या हातातली लांब नळीची रायफल आठवते? ती शायलोचीच.

या बंदुकांचं काय एवढं आकर्षण? एक तर मागची यंत्रणा आखूड असल्यामुळे तेवढ्याच लांबीच्या बंदुकीत नळी जास्त लांब बसते. दुसरं, भाग कमी असल्याने बिघाड कमी. तिसरं कारण आकड्यांत मांडता येत नाही. एकच गोळी आहे हे माहीत असलं की माणूस घाई करत नाही. श्वास रोखतो, वारा बघतो, आणि खात्री नसेल तर चापावरचं बोट काढून घेतो. दूरवरच्या पोलादी आकृत्यांवर नेम धरण्याच्या स्पर्धा खास अशाच जुन्या रायफलींसाठी भरतात. तिथे वेगाला किंमत नसते.

आठ हजारांत गेलेली वस्तू

आज ब्राउनिंग आणि विंचेस्टर या दोन्ही नावांच्या बंदुका एकाच बेल्जियन उद्योगसमूहाच्या छत्राखाली येतात. ज्या कंपनीने रायफल विकत घेतली आणि ज्या कंपनीने रॉयल्टी दिली, त्या दोघींची नावं एका घरात आली. जॉनची पहिली रायफल आता कधी ब्राउनिंगच्या तर कधी विंचेस्टरच्या नावाने, जपानी कामगारांच्या हातून बनून बाहेर पडते.

ओग्डेनच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत जॉनच्या बंदुकांचं संग्रहालय आहे. मशीनगन, पिस्तुलं, शॉटगन, सगळं तिथे आहे. पण या सगळ्याची सुरुवात झाली ती दुरुस्तीला आलेल्या एका बंदुकीवर वैतागलेल्या पोरापासून, आणि त्याचं बोलणं हसण्यावारी न नेणाऱ्या बापापासून.

मंद्रूपच्या रस्त्यावरचं असो की आणखी कुठलं, वर्कशॉपमध्ये पाना धरून उभं असलेलं पोरगं एखादं यंत्र बघून हे चुकीचं बनवलंय असं म्हणालं, तर त्याचं एकदा ऐकून घ्यायला हरकत नाही.